आधी मोजणी, मग आखणी

कोकणातली कातळशिल्पं, बारसूचा सडा आणि मोठ्या प्रकल्पांच्या नकाशात वारशाला मिळणारी शेवटची रांग

जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांना एक पत्र पाठवलं. नाणारच्या लोकांनी नाकारलेल्या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी राजापूर तालुक्यातच, बारसू परिसरात, सुमारे तेरा हजार एकर जागा देता येईल, असं त्यात सुचवलं होतं. पुढे दोनच महिन्यांनी, मार्च २०२२ मध्ये, कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत दाखल झाली. कातळशिल्पांच्या त्या नोंदीत नऊ ठिकाणं आहेत आणि त्यांतलं एक बारसू आहे.

एका कागदानं बारसूचा सडा कारखान्यासाठी देऊ केला, दुसऱ्यानं तोच सडा जगापुढे ठेवला. हे दोन्ही कागद आपल्याच शासनव्यवस्थेतून निघालेले. कोणी खोटं बोललं असं नाही की कोणी मुद्दाम लपवलं असंही नाही. उद्योगाची फाईल एका मजल्यावर चालत होती आणि पुरातत्त्वाची दुसऱ्या. दोन नकाशे एकमेकांवर ठेवून बघणं हे कोणाचंच काम नव्हतं.

वारसा आणि विकास या विषयावर आपल्याकडे वाद पुष्कळ होतात आणि ते बहुतेक वेळा एकाच वळणावर जातात: तुम्हाला कारखाना हवा की जुने दगड? प्रश्न असा विचारला की उत्तर देणारा आपोआप दोनांपैकी एका गोटात जाऊन बसतो. पण राजापूरची गोष्ट नीट पाहिली तर घोडं पेंड खातं ते वेगळ्याच ठिकाणी. चूक क्रमाची आहे. जागा आधी ठरते, तिथं काय आहे हे नंतर बघितलं जातं. जागा ठरल्यानंतर जे सापडतं ते अडथळा ठरतं. ठरण्याआधी सापडलं असतं तर ती निव्वळ माहिती असती.

सड्यावर काय आहे

कोकणाबाहेरच्या वाचकासाठी सडा म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. समुद्र आणि सह्याद्री यांच्यामध्ये, खाड्यांनी कापलेल्या टेकड्यांच्या माथ्यावर जांभ्या दगडाची सपाट पठारं आहेत. झाड नाही, माती वीतभरसुद्धा नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत अनवाणी पाय टेकवत नाही. गावं सड्यावर नसतात, उतारावर आणि पायथ्याशी असतात, कारण पाणी तिथं असतं. ते पाणी मात्र येतं सड्यावरून. जांभा सच्छिद्र असतो. चार महिने पडणारा पाऊस तो पिऊन घेतो आणि पुढे पायथ्याच्या झऱ्यांना, विहिरींना सोडत राहतो. पावसाळ्यात याच रखरखीत कातळावर फुलांचे गालिचे उगवतात. दीपकाडी ही पांढऱ्या फुलांची कंदवर्गीय वनस्पती कोकणातल्या या सड्यांचीच; ती जगात दुसरीकडे मिळत नाही.

या कातळावर माणसांनी चित्रं कोरली आहेत. कडे किंवा गुहांच्या भिंती सोडून ती पायाखालच्या जमिनीवरच कोरली आहेत. बोट-दोन बोट खोलीच्या खाचांनी काढलेले हत्ती, गेंडे, वाघ, हरणं, मासे, मगरी, पक्षी, माणसं. आणि त्यांच्या शेजारी अर्थ न लागणाऱ्या चौकोनी, गोलाकार, नक्षीदार रचना. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून अशा हजाराहून जास्त आकृत्यांची नोंद झालेली आहे आणि शोध थांबलेला नाही.

राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती घ्या. लांबी सुमारे अठरा मीटर, उंची सुमारे तेरा. म्हणजे एखादी एसटी गाडी त्याच्या पोटात आरामात उभी राहील. त्याच्या अंगावर, बाह्यरेषेच्या आतच, कितीतरी लहान प्राणी कोरलेले आहेत, जमिनीवरचे आणि पाण्यातलेही. जमिनीवर उभं राहून हा हत्ती एका नजरेत दिसत नाही. शेपटीकडून चालत सोंडेपर्यंत जावं लागतं आणि मग डोक्यात आकृती जुळवावी लागते. दुपारच्या उन्हात खाचा दिसेनाशा होतात. सकाळी किंवा संध्याकाळी किरणं तिरपी पडली की कडांना सावली धरते आणि रेषा उमटतात.

बारसूला सड्यावर एक माणूस उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वाघासारखे दोन प्राणी आहेत. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर अशी मांडणी आढळते, म्हणून अभ्यासकांचं या चित्राकडे विशेष लक्ष गेलं. देवाचे गोठणे इथल्या आकृतीपाशी होकायंत्राची सुई भलतीकडे वळते. उक्षीला पुन्हा हत्ती आहे. जांभरुणला एकाच जागी पन्नासच्या आसपास आकृत्यांची दाटी आहे. रुंढे तळी आणि देवीहसोळला भौमितिक रचना आहेत. मालवण तालुक्यातलं कुडोपी आणि गोव्यात सांगे तालुक्यात कुशावती नदीकाठचं पणसायमळ धरून नऊ ठिकाणं पुरी होतात. त्यांतली पाच एकट्या राजापूर तालुक्यातली.

ही चित्रं किती जुनी, यावर एकमत नाही. कातळ कोरला की त्याचं वय सांगणारा कोळसा किंवा हाड मागे राहत नाही. कोकणातून केव्हाच नाहीसे झालेले गेंड्यासारखे प्राणी चित्रांत आहेत आणि परिसरात मध्याश्मयुगीन दगडी हत्यारं मिळतात, यावरून काही आकृत्या दहा हजार वर्षांहून जुन्या असाव्यात असं मानलं जातं. काही त्यामानानं अलीकडच्याही असतील.

गावांना ती ठाऊक होतीच. गुरं घेऊन सड्यावर जाणाऱ्यांना, वाट तुडवणाऱ्यांना ‘इथं काहीतरी आहे’ हे माहीत होतं. कुठे ते पांडवांच्या नावावर जमा होतं, कुठे देवाच्या. त्यांचा अभ्यासासाठी पद्धतशीर शोध रत्नागिरीतल्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी घेतला. गावोगाव जायचं, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, सांगितलेल्या जागी खाचांतली माती खराट्यानं झाडायची, मोजायचं, नोंदवायचं. राज्य पुरातत्त्व विभाग नंतर या कामात उतरला. कशेळीचा हत्ती सरकारी सर्वेक्षणानं शोधलेला नाही. वाटा तुडवणाऱ्या लोकांनी तो शोधला.

कोणाच्याच नोंदीत नाही

सड्याची सातबारावरची नोंद पाहा. बहुतेक ठिकाणी ती कातळ, वरकस किंवा पोटखराबा अशी निघेल. ज्या जमिनीत पीक येत नाही ती निरुपयोगी, असा हा हिशोब. महसुलाच्या दृष्टीनं तो बरोबरही आहे, कारण महसूल पिकावर होता. पण प्रकल्पाची जागा शोधणारा अधिकारी पहिल्यांदा हीच नोंद बघतो. पिकाऊ जमीन नाही, वस्ती विरळ, समुद्र जवळ, सलग क्षेत्र मोठं. कागदावर याहून सोयीची जागा नाही. सड्यानं पुरवलेलं पाणी, सड्यावर चरणारी गुरं आणि त्यावर कोरलेला हत्ती यांच्यासाठी सातबाऱ्यात रकाना नाही.

शिवाय मालकी. कोकणात एका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं असणं नवं नाही. त्यांतले निम्मे मुंबईत आणि काही तर सड्यावर कधी चढलेलेही नसतात. अशा जमिनीचा व्यवहार दलालाच्या हाती सहज जातो. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे जमीन व्यवहार आणि रिफायनरी यांवर लिहीत होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांना गाडीखाली चिरडण्यात आलं आणि त्यात त्यांचा जीव गेला. या जमिनींच्या मागे काय पणाला लागलेलं असतं हे त्यावरून कळावं.

रिफायनरी येवो न येवो, कातळशिल्पांचा नाश रोज चालूच आहे. चिरेखाण लागली की जांभा यंत्रानं चौकोनी कापत खाली नेला जातो आणि वरचा चित्राचा थर पहिल्या दिवशीच जातो. हापूसची कलमं लावायला सुरुंगानं खड्डे पाडले जातात. रस्ता रुंद होतो, गटार जातं, खांब उभा राहतो. यांतला कोणी वारशाचा शत्रू नसतो. घर बांधायला चिरा लागतो, कलमाला खड्डा लागतो. खड्डा कुठे पाडू नये हे सांगणारी नोंदच त्याच्यापुढे नसते. मोठा प्रकल्प तेच करतो, फक्त हजारो एकरांवर आणि एकदम.

‘धक्का लागणार नाही’

आता प्रकल्पाचं बघू. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तीन सरकारी कंपन्यांनी २०१७ मध्ये रत्नागिरी रिफायनरी अँड पेट्रोकेमिकल्स ही कंपनी स्थापली. पुढच्या वर्षी सौदी अराम्को आणि अबूधाबीची ॲडनॉक यांनी भागीदारीचे करार केले. क्षमता वर्षाला सहा कोटी टन, खर्च सुमारे तीन लाख कोटी रुपये. नाणारच्या विरोधापुढे मार्च २०१९ मध्ये तिथली अधिसूचना रद्द झाली. मग बारसू, सोलगाव, गोवळ, धोपेश्वर, शिवणे, देवाचे गोठणे ही नावं पुढे आली. एप्रिल २०२३ च्या अखेरीस माती परीक्षण सुरू झालं, तेव्हा भर उन्हात बायका सड्यावर आडव्या झाल्या. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, धरपकड झाली. त्यानंतर प्रकल्प पुढे सरकलेला नाही, पण अधिकृतपणे संपलेलाही नाही.

या विरोधाचं मूळ कातळशिल्पांत नव्हतं, हेही मान्य करायला हवं. लोकांना आंब्याची, काजूची, मासळीची आणि पाण्याची काळजी होती. कातळशिल्पं आंदोलनाच्या बोलण्यात नंतर आली. उलट बाजूलाही माणसं आहेत. ज्या गावात गणपती आणि शिमगा सोडला तर घरांना कुलूप असतं, तिथल्या तरुणानं ‘इथं काही तरी येऊ दे’ म्हणणं हा काही गुन्हा नाही. तीन लाख कोटींचा प्रकल्प दारात येत असताना त्याला दहा हजार वर्षांपूर्वीचा गेंडा दाखवून गप्प बसवता येणार नाही.

सरकारकडून उत्तर आलं की कातळशिल्पांना धक्का लावणार नाही. चांगली गोष्ट आहे. पण धक्का न लावणं म्हणजे नेमकं काय? आकृतीभोवती कुंपण घालायचं, आणि कुंपणाबाहेर तेलाच्या टाक्या? कशेळीच्या हत्तीवर उभं राहिलं की सडा सगळीकडे दिसतो, लांबवर पाण्याची चाहूल लागते. ज्यांनी कोरलं त्यांनी ही जागा निवडली होती. ती उघडी जागा, पाणवठे, चालत जायची वाट हे सगळं मिळून ते ठिकाण होतं. युनेस्कोही आकृतीचा चौकोन तेवढा बघत नाही, परिसर बघतं. चित्र जागेवर राहूनही ठिकाण जाऊ शकतं.

धुराचा प्रश्न वेगळाच. भारतात हा प्रश्न एकदा येऊन गेला आहे. मथुरेची रिफायनरी १९८२ मध्ये सुरू झाली, आग्र्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर. सुरुवातीची क्षमता वर्षाला साठ लाख टन; बारसूसाठी सांगितलेल्या क्षमतेच्या दहावा हिस्सा. ताजमहालावर गंधकाच्या धुराचा काय परिणाम होईल हे पाहायला डॉ. एस. वरदराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती, ती १९७४ मध्ये. पण जागा तोवर ठरलेली होती. मग १९८४ मध्ये वकील एम. सी. मेहता सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल लागला ३० डिसेंबर १९९६ रोजी: ताजभोवतीच्या दहा हजार चारशे चौरस किलोमीटरच्या समलंब चौकोनात कोळसा जाळणाऱ्या २९२ कारखान्यांनी एक तर नैसर्गिक वायूवर यावं, नाही तर हलावं. सर्वांत मोठा भार पडला आग्र्याच्या छोट्या ओतशाळांवर, ज्या पिढ्यानपिढ्या तिथं होत्या.

त्या बारा वर्षांत कोर्टकचेऱ्या, समित्या, यंत्रं, वायूवाहिनी आणि छोट्या कारखानदारांची परवड यांवर गेलेला पैसा आणि वेळ मोजला, तर जागा ठरवण्याआधीचा एक अभ्यास किती स्वस्त पडला असता? आणि हे ताजमहालाच्या बाबतीत, ज्याला जगात वकील आहेत. बारसूच्या माणसाला आणि त्याच्या दोन वाघांना कोण आहे?

पोर्तुगालची कोआ नदी

जवळजवळ बारसूसारखंच प्रकरण १९९४ मध्ये पोर्तुगालमध्ये घडलं. दोउरो नदीला मिळणाऱ्या कोआ नदीवर तिथली वीज कंपनी मोठं धरण बांधत होती. काम बरंच पुढे गेलेलं होतं. नदीकाठच्या खडकांवर घोडे, रानबैल, रानबोकड कोरलेले आहेत, हे त्या वर्षाच्या अखेरीस जगासमोर आलं. प्रागैतिहासिक कोरीव चित्रांचा उघड्यावरचा युरोपातला सर्वांत मोठा साठा पाण्याखाली जायला निघाला होता.

पुढे जे झालं ते कोकणातल्या वाचकाला अगदी ओळखीचं वाटेल. चित्रं तेवढी जुनी नाहीतच, असा दावा पुढे आला. पाण्याखाली ती अधिक सुरक्षित राहतील, असंही सांगण्यात आलं. खडक कापून दुसरीकडे नेण्याची कल्पना निघाली. गावात दोन तट पडले, कारण धरणाबरोबर रोजगार येणार होता. शाळकरी मुलं रस्त्यावर आली. चित्रांना पोहता येत नाही, अशा अर्थाची त्यांची घोषणा देशभर गाजली. ऑक्टोबर १९९५ च्या निवडणुकीनंतर सत्तेवर आलेल्या आंतोनिओ गुटेरेस यांच्या सरकारनं धरण थांबवलं. हेच गुटेरेस पुढे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झाले. १९९६ मध्ये तिथं पुरातत्त्व उद्यान झालं, १९९८ मध्ये कोआ जागतिक वारसा यादीत गेलं, २०१० मध्ये संग्रहालय उघडलं.

कोआची गोष्ट विजयाची म्हणून सांगितली जाते. ती आहेही. पण धरणावर तोवर खर्च झालेला पैसा वाया गेला, तो लोकांचाच होता. गावातल्या ज्यांनी धरणावर भरवसा ठेवला त्यांची पर्यटनानं लगेच भरपाई झाली नाही. खोऱ्याचं सर्वेक्षण आराखड्याआधी झालं असतं आणि त्याचा निष्कर्ष कोणी दडपला नसता, तर ना पैसा गेला असता, ना गाव दुभंगलं असतं. वारसा वाचला तो शेवटच्या क्षणी, सरकार बदललं म्हणून. धोरण म्हणून नशिबावर भिस्त ठेवता येत नाही.

आणि नशीब नेहमी साथ देतंच असं नाही. जर्मनीतल्या ड्रेस्डेननं एल्ब नदीवर चौपदरी पूल बांधायला घेतला म्हणून २००९ मध्ये तिथल्या नदीखोऱ्याचा जागतिक वारशाचा दर्जा गेला. बंदरालगतच्या नव्या बांधकामांमुळे २०२१ मध्ये लिव्हरपूलचा गेला. दोन्ही ठिकाणी जुन्या इमारती जागच्या जागी उभ्या होत्या. बिघडला तो त्यांचा परिसर.

आपल्याकडे नागार्जुनसागर धरणाआधी नागार्जुनकोंड्याच्या खोऱ्यात पुरातत्त्व खात्यानं १९५४ पासून सहा वर्षं उत्खनन केलं आणि बौद्ध अवशेष उचलून टेकडीवर नेऊन मांडले, ती टेकडी आज बेट आहे. त्या काळाच्या मानानं ते मोठंच काम. उजनीच्या पाण्यात पळसदेवचं पळसनाथ मंदिर मात्र गेलं ते गेलं. दुष्काळाच्या उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, लोक बघायला जातात, फोटो निघतात, पाऊस पडला की पुन्हा बुडतं.

फॉर्म काय विचारतो

मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे अर्जदारानं एक फॉर्म भरायचा असतो. त्यात एक प्रश्न असा आहे: पर्यावरण, निसर्गदृश्य किंवा संस्कृतीच्या दृष्टीनं कायद्यानं संरक्षित ठिकाणं प्रकल्पाच्या हद्दीपासून पंधरा किलोमीटरच्या आत आहेत का? प्रश्न चांगला आहे. खोच आहे ती ‘कायद्यानं संरक्षित’ या अटीत. जे यादीत आहे त्याचीच विचारपूस होते. ज्याची यादी झालेली नाही, त्याबद्दल ‘नाही’ लिहिलं तरी ते खोटं ठरत नाही.

यादीत असणंही पुरेसं नाही. केंद्रीय संरक्षित स्मारकांभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत नियंत्रण, अशी तरतूद १९५८ च्या कायद्यात २०१० च्या दुरुस्तीनं पक्की झाली. तरीही केंद्रीय यादीतली पन्नास स्मारकं गायब असल्याचं डिसेंबर २०२२ मध्ये संसदीय समितीसमोर आलं. त्यांतली चौदा शहरांच्या वाढीत गेली, बारा धरणांच्या पाण्यात आणि चोवीस कुठे आहेत तेच सापडत नाही. न सापडणाऱ्यांत पुण्यातलं एक जुनं युरोपीय थडगं आणि आगरकोटचा एक बुरूजही आहे. संरक्षणाच्या यादीत असलेल्यांची ही गत, मग यादीबाहेरच्या सड्याचं काय?

शहरांत थोडं बरं आहे. मुंबईनं १९९५ मध्ये वारसा नियमावली केली, ती देशात पहिली. तिच्यामुळे इमारतींची प्रतवारी झाली, परिसर ठरले, बांधकामाच्या परवानगीत वारसा समितीचा शब्द आला. तिच्यावर टीका पुष्कळ होते, पण फोर्टमधली एखादी इमारत पाडायची तर निदान कोणाला तरी विचारावं लागतं. ग्रामीण भागात असं विचारणारं कोणी नाही. आणि आपले मोठे प्रकल्प येतात ते ग्रामीण भागातच.

खरं तर त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ चा आहे. ऐतिहासिक, नैसर्गिक आणि पुरातत्त्वीय महत्त्वाच्या जागांच्या जतनाची तरतूद आराखड्यात करता येते, हे त्या कायद्यातच लिहिलेलं आहे. राज्याचा स्वतःचा प्राचीन स्मारकं कायदा १९६० पासून आहे. अधिकार आहे, वापर नाही.

मालकाला काय मिळणार?

इथं एक अवघड गोष्ट आहे, जी वारसाप्रेमी मंडळी टाळतात. आपल्या कातळात चित्र निघालं हे कळलं की मालक आनंदानं उडी मारेलच असं नाही. त्याला पहिली भीती वाटते ती जमीन अडकण्याची. उद्या घर बांधता येणार नाही, चिरा काढता येणार नाही, विकायला गेलं तर गिऱ्हाईक मिळणार नाही. मग एखाद्या रात्री जेसीबी फिरतो आणि सकाळी चित्र नसतं. संरक्षणाची भीतीच संरक्षणाच्या मुळावर येते.

याला उपाय आहेत. उक्षीला गावानंच पुढाकार घेऊन हत्तीभोवती भिंत घातली आणि पाहण्याची सोय केली. जिथे गावाला वाटतं की हे आपलं, तिथं राखणदार नेमावा लागत नाही. पण ते वाटण्यासाठी गावाच्या पदरात काही पडायला हवं. शहरात वारसा इमारतीच्या मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क मिळतात; सड्याच्या मालकाला काही नाही. आकृतीपुरती जागा शासनानं भाड्यानं घ्यावी किंवा बाजारभावानं विकत घ्यावी. वाट दाखवण्याचं, राखण्याचं काम गावातल्याच मुलांना मिळावं. नियंत्रणाची हद्द सरसकट शंभर मीटरची न धरता सड्याचा उतार, पाणी आणि वाट पाहून ठरवावी. कुठे ती पन्नास मीटर पुरेल, कुठे सगळा सडाच ठेवावा लागेल. आणि हे सगळं प्रकल्प येण्याआधी ठरलेलं असावं, म्हणजे उद्या कोणी भाव वाढवण्यासाठी चित्र दाखवतोय की पाडण्यासाठी लपवतोय, हा संशय उरणार नाही.

आधी काय, नंतर काय

रिफायनरीसाठी माती आधी तपासतात. टाकीचा भार कातळ पेलेल का, हे अभियंत्याला आराखड्याआधी कळायला हवं म्हणून. त्यात काही चूक नाही. तोच न्याय वारशाला लावा, एवढंच मागणं आहे. तेरा हजार एकर जागा सुचवण्याआधी त्या तेरा हजार एकरांवर काय आहे हे एका उन्हाळ्यात चालून आणि एका पावसाळ्यात थांबून बघता येतं. ड्रोन आहेत, उपग्रहाची चित्रं आहेत, आणि त्याहून उपयोगी म्हणजे गुराखी आहेत. तीन लाख कोटींच्या खर्चात या पाहणीचा खर्च दिसणारसुद्धा नाही.

ही पाहणी प्रकल्पाच्या कंपनीनं नेमलेल्या सल्लागाराकडून होऊ नये, कारण त्याचं बिल कंपनीच देते. पैसे कंपनीनं भरावेत, नेमणूक पुरातत्त्व विभागानं करावी आणि अहवाल जनसुनावणीच्या आधी मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. एकाच जागेचा आग्रह न धरता दोन-तीन पर्यायी जागांची तुलना व्हावी. अहवालात ‘इथं नको’ असं निघालं तर ते मान्य करण्याची तयारी असावी. नाही तर ती पाहणी म्हणजे वरातीमागून घोडं.

असं केलं तर प्रत्येक कारखाना अडेल असं नाही. उलट बरेचसे वाचतील. नाणारची अधिसूचना निघून रद्द होण्यात दोन वर्षं गेली, बारसूच्या वादात आणखी गेली. त्या काळात कोकणात ना कारखाना आला, ना कातळशिल्पांचं नीट जतन झालं. गावं तेवढी एकमेकांशी बोलेनाशी झाली. ज्यांना प्रकल्प हवा होता आणि ज्यांना नको होता, दोघांचंही नुकसान झालं. हे क्रम चुकल्याचं फळ आहे.

शासन हे करील तेव्हा करील. तोवर एक काम आपल्या हातात आहे. हा अंक वाचणाऱ्या पुष्कळांच्या नावावर कोकणात कुठे ना कुठे सड्याचा तुकडा असेल, आजोबांच्या सातबाऱ्यात, पंधरा नावांच्या गर्दीत. या वर्षी गावी जाल तेव्हा त्या तुकड्यावर एकदा चढा, सकाळी लवकर, ऊन तिरपं असताना. गावातल्या म्हाताऱ्याला किंवा गुराख्याला बरोबर घ्या. काही दिसलं तर माती हातानं किंवा मऊ झाडूनं बाजूला करा. खडू, चुना, रंग काही लावू नका. घासू नका, खणू नका. फोटो काढा, जागा टिपून ठेवा, ग्रामपंचायतीला लेखी कळवा आणि एक प्रत पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी कार्यालयाला द्या. पोचपावती घ्यायला विसरू नका. चिरा काढायला किंवा जमीन विकायला निघाला असाल तर हे आधी करा, नंतर नको.

जे कागदावर नाही ते आपल्याकडे अस्तित्वात नसतं. म्हणून ते आधी कागदावर आणा.